महत्तर ते म्हातारा

तिरसट, कुरकुऱ्या वृद्धाला इंग्रजीत ‘कर्मजन’ म्हणतात. हा शब्द ऐकून मराठी माणसास त्याचे कूळ संस्कृतात शोधण्याचा मोह व्हावा. पण ते इंग्रजांनाही सापडलेले नाही. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशात एका अज्ञात पत्रलेखकाच्या हवाल्याने ‘दुष्ट हृदय’ अशा अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांकडे बोट दाखविले. वीस वर्षांनी जॉन ॲश या कोशकाराने ती टीप उतरून घेताना एका फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘अज्ञात’ व दुसऱ्याचा ‘पत्रलेखक’ असा देऊन टाकला! या गमतीहून महत्त्वाचे हे की, जॉन्सनच्या काळी हा शब्द कृपणाला लावीत. वार्धक्य त्याला मागाहून चिकटले.

आपल्याकडे प्रवास उलट झाला. ‘म्हातारा’ हा संस्कृत ‘महत्तर’चा वंशज, आणि महत्तर म्हणजे जुन्या ताम्रपटांत उल्लेखिलेला गावचा मान्यवर. ‘थेरडा’ तर ‘स्थविर’ शब्दातून आला. त्याचेच ‘थेर’ हे पाली रूप बौद्ध संघातील ज्येष्ठ भिक्षूंची आदराची उपाधी आहे. पहिला शब्द नुसता वयाचा वाचक उरला, दुसरा उघड हेटाळणीचा झाला. हेटाळणी कोणाची व्हावी, हे मात्र व्याकरण ठरवीत नाही. ते घरातील अर्थव्यवहार ठरवितो.

उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले, माढा तालुक्याच्या जिराईत रानांत ऊस उभा राहिला आणि जमिनीचे मोल वाढले. सातबाऱ्यावरील नावालाही मग निराळेच वजन आले. ते नाव आहे तोवर आबांचा तिरसटपणा करारीपणा ठरतो. बक्षीसपत्र झाले की तोच म्हातारचळ.

श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ मध्ये दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाले. औषधपाण्याला ते उपयोगी पडते, पण घरातील गेलेला शब्द त्याने परत येत नाही. त्या दृष्टीने २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ अधिक मोलाचे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. अट दस्तातच स्पष्ट नमूद असली म्हणजे वादाला जागा राहत नाही. परंतु पोटच्या मुलाला अट घालणे बापाला अवघड वाटते, आणि दस्त लिहिणारा ती आपणहून सुचवीत नाही.