वडीलधाऱ्यांची काळजी : उपदेश जनतेला, काटकसर म्हाताऱ्यांच्या खिशातून

१४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी वाढवल्याची घोषणा करताना पंतप्रधानांनी देशापुढे एक ‘सप्तपदी’ ठेवली. तिचे पहिलेच पाऊल होते : घरातील वडीलधाऱ्यांची विशेष काळजी घ्या. या उपदेशाला नाही कोण म्हणेल? परंतु बरोबर नऊ दिवसांनी, २३ एप्रिलला, केंद्रीय अर्थमंत्रालयाचा हुकूम निघाला. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाईभत्ता आणि निवृत्तिवेतनधारकांची महागाईवाढ एकाच फटक्यात गोठवण्यात आली. १ जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते बुडाले. जुलै २०२१ मध्ये दर पुन्हा वाढवला, तेव्हाही मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी देण्यास सरकारने साफ नकार दिला. कर्मचारी आणि निवृत्त मिळून या काटकसरीत ३४,४०२ कोटी रुपये वाचले, असे पुढे सरकारनेच संसदेत सांगितले. म्हणजे काळजी मुलांनी घ्यायची, आणि बचत सरकारने करायची!

हा योगायोग नव्हता. साथीच्या संपूर्ण काळात वृद्धांचे रक्षण हा शासनाच्या कर्तव्याचा विषय न मानता घराघरातील संस्कारांचा विषय ठरवण्यात आला. दुर्दैवाने अनेक सज्जन माणसांनाही तो तसाच पटला. म्हातारी आई दगावली की शेजारी कुजबुजत : मुलाने हयगय केली. बाहेरून रोग आणला कोणी? मुलानेच! गुन्हेगार घरातच सापडल्यावर बाहेर शोधायला कोण जातो?

ऑक्टोबर २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या आकड्यांनुसार तोवरच्या मृतांपैकी ५३ टक्के लोक साठी ओलांडलेले होते. सर्वांत मोठा घास या रोगाने म्हाताऱ्यांचाच घेतला, हे सरकारला पहिल्यापासून माहीत होते. म्हणून तर १ मे २०२० च्या आदेशात ६५ वर्षांवरील व्यक्तींनी अत्यावश्यक गरज वा आरोग्याचे कारण सोडून घराबाहेर पडू नये, असे बजावण्यात आले. वृद्धांसाठीच्या सूचनापत्रकात आणखी तपशील होता : घरी राहा, भेटायला येणाऱ्यांना टाळा, कोणी आलेच तर एक मीटर अंतर ठेवा, एकटे असाल तर निरोगी शेजाऱ्यांकडून जिन्नस मागवा. वैद्यकदृष्ट्या यातले काहीही चूक नाही. पण हे पत्रक ज्याच्या डोळ्यांसमोर घर आणून लिहिले गेले, त्या घरात आजोबांना स्वतंत्र खोली असते, खोलीला न्हाणीघर असते, आणि महिनाअखेर बँकेत पैसे येतात.

धारावीतले घर घ्या. दोन-अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसे. दहा बाय दहाची खोली, तीत तीन पिढ्या. संडासासाठी गल्लीच्या टोकाला रांग. तिथे एक मीटर अंतर कुठून मोजायचे? आजीला कोपऱ्यात निजवायचे म्हटले, तर त्या कोपऱ्यात चूल आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत पालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी रक्ततपासणी केली. झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण १६ टक्के होते. तोच प्रभाग, तीच टाळेबंदी. मग झोपडपट्टीतल्या लेकी-सुनांची माया साडेतीन पटींनी पातळ होती, असे समजायचे काय?

आता त्या घरातला कर्ता मुलगा पाहा. समजा, तो एखाद्या इमारतीवर पहारेकरी आहे. कामावर गेला तर संध्याकाळी आईसाठी रोग घेऊन येण्याची धास्ती. न गेला तर नोकरी जाते आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्याही जातात. त्याला अंग मोडून आले, तर चाचणीचा निकाल येईपर्यंत घरी बसण्याची पगारी रजा कोणत्या कायद्याने त्याला दिली? २९ मार्च २०२० रोजी केंद्राने टाळेबंदीच्या काळातील पूर्ण वेतन देण्याचा आदेश मालकांना दिला खरा. मालकवर्ग न्यायालयात धावला, आणि १८ मेपासून सरकारनेच तो आदेश गुंडाळला. वृद्धांना घरात ठेवण्याचा आदेश मात्र कायम राहिला. ज्याच्या मजुरीवर ते घर चालत होते, त्याला बाहेर काढायचे आणि त्याच्या आईला आत कोंडायचे, ही ती संरक्षणाची योजना.

दुसरी गोष्ट सूचनापत्रक लिहिणाऱ्यांच्या गावीही नव्हती. म्हातारा म्हणजे मुलांनी पोसायचा माणूस, हे त्यांचे गृहीत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठीवरील माणसे १० कोटींहून अधिक होती, आणि त्यांतली पाचांपैकी दोन काही ना काही काम करीत होती. भाजीची पाटी घेऊन बसणारी, लोकांची भांडी घासणारी, दुसऱ्याच्या रानात खुरपणारी. त्यांना ‘घरी बसा’ सांगणाऱ्या सरकारने बसून खाण्यासाठी काय दिले? राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या दरिद्री वृद्धासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे, आणि तो २००७ पासून साथीच्या वर्षांतही तेवढाच राहिला. साथीनिमित्त वरून हजार रुपये देण्यात आले. एकदाच, तेही दोन हप्त्यांत. राज्ये आपापली भर घालतात म्हणून आकडा जरा बरा दिसतो. केंद्राची लाज त्याने झाकत नाही.

यावर एक ठरीव उत्तर मिळते : पाश्चात्त्यांकडे वृद्धाश्रम, आपल्याकडे एकत्र कुटुंब; हीच आपली ढाल. इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमांत माणसे हजारोंनी मेली हे खरेच आहे. पण ती लेकरांच्या बेफिकिरीने मेली नाहीत. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये रुग्णालये रिकामी करण्यासाठी वृद्ध रुग्णांना चाचणी न करताच वृद्धाश्रमांत धाडण्यात आले. लंडनच्या उच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२२ रोजी ते धोरण बेकायदा ठरवले. तिथेही प्रश्न शासनाचाच होता. उलट आपले ते एकत्र कुटुंब एका खोलीत कोंडले, की ढाल राहत नाही. रोगाची वाट होते. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेत काही विद्वानांनी एक जाहीरनामा काढला होता : म्हाताऱ्यांना तेवढे जपा, बाकीच्यांना मोकळे सोडा, रोग आपोआप पसरून थांबेल. म्हाताऱ्यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न त्यांनाही नीट सोडवता आला नाही. दहा बाय दहाच्या खोलीत तर तो सुटण्याची सोयच नाही.

वृद्धांना जपणे अशक्य होते काय? देशात वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या केरळने ‘उलटे विलगीकरण’ हे धोरण केले, म्हणजे रोग्याऐवजी धोक्यातल्या माणसाला जपायचे. पण तिथे ते नुसते घरच्यांवर सोडले नाही. आशा आणि अंगणवाडी सेविका, पंचायतीच्या परिचारिका दारी जात, सामुदायिक स्वयंपाकघरातून शिजलेले अन्न पोहोचे, निवृत्तिवेतन सहकारी संस्थांची माणसे घरपोच देत. जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी पाहणीत प्रतिपिंडे आढळलेल्यांचे प्रमाण ६७.६ टक्के होते, केरळात ४४.४, सर्वांत कमी. तिथे सारे आलबेल होते असा दावा कोणी करू नये. २०२१ च्या उत्तरार्धात देशातील सर्वाधिक नवे रुग्ण तिथेच सापडत होते, आणि आधी न मोजलेले हजारो मृत्यू नंतर यादीत घालावे लागले. आशा सेविकांना मिळणारा मोबदलाही लाजिरवाणाच होता. पण लस येईपर्यंत निम्म्याहून अधिक माणसे रोगापासून दूर ठेवता येतात, एवढे तिथे सिद्ध झाले.

लशीची कथा तर मुद्दाम आठवणीत ठेवण्यासारखी आहे. १ मार्च २०२१ पासून साठीवरील लोकांना लस खुली झाली. ज्यांना चालता येत नाही, जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांचे काय? मुंबई उच्च न्यायालयात यावर याचिका झाली. घरोघरी लस देणे शक्य नाही, असे केंद्राने तिथे सांगितले : लस वाया जाईल, दूषित होईल, टोचल्यावर अर्धा तास लक्ष ठेवता येणार नाही. त्याच वेळी केरळ, बिहार, ओडिशा, जम्मू-काश्मीर आणि आपल्याकडे वसई-विरारची महानगरपालिका ते काम करीत होती. मुंबईतल्या एका बड्या पुढाऱ्याला घरी लस मिळाली ती कशी, असे न्यायालयालाच विचारावे लागले. याला उत्तर काय असणार? पुढाऱ्याच्या घरी लस दूषित होत नसावी. जून २०२१ मध्ये अशक्य असलेली ही गोष्ट सप्टेंबरमध्ये परवानगीस पात्र ठरली, आणि नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ या नावाने तिची देशभर मोहीम झाली. दरम्यान दुसरी लाट येऊन गेली होती. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारी हिशेबात ते पाच लाखांच्या आतच बसतात. सरकारला तो अंदाज मान्य नाही. न मोजलेल्यांत म्हातारे किती, हे कोणत्या कागदावर सापडणार?

राहता राहिली रेल्वे. २० मार्च २०२० पासून ज्येष्ठ नागरिकांची तिकीट-सवलत बंद झाली. साठीवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के अशी ती होती. कारण सांगितले गेले ते काळजीचेच : म्हाताऱ्यांनी विनाकारण प्रवास करून जीव धोक्यात घालू नये. पुढे गाड्या पूर्ववत धावू लागल्या, मुखपट्ट्या उतरल्या, सभा-मेळावे भरू लागले. सवलत तेवढी परतली नाही. शयनयान आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यांपुरती तरी ती द्यावी, असे संसदेच्या स्थायी समितीने सुचवून पाहिले. रेल्वे मंत्रालय म्हणते, प्रत्येकच प्रवाशाला तिकिटात सूट मिळते आहे. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरावरून २०२२-२३ या एका वर्षात ही सवलत बंद ठेवून रेल्वेने ज्येष्ठांकडून सुमारे २,२४२ कोटी रुपये जादा गोळा केले. साथीपासून म्हाताऱ्यांना जपण्यासाठी लावलेले ते कुलूप साथ संपल्यावरही तिकीट-खिडकीवर तसेच राहिले, आणि पंढरपूरला किंवा लेकीच्या गावी निघालेली म्हातारी कनवटीचे पैसे मोजून पूर्ण भाडे भरू लागली.