पोटमाळ्यावरची चार टेबलं

भाचीने मुलुंडला कॉफी शॉप काढायचं ठरवलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला, ‘दीडशे रुपयांची कॉफी प्यायला येणार कोण?’ परवान्यांचं कुणाच्या मनातही आलं नाही. मी निवृत्त बँक अधिकारी, म्हणून ते खातं आपोआप माझ्याकडे आलं. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला घरात कुणी काम सांगत नाही, बँकवाल्याला सांगतात.

सुरुवात गुमास्त्यापासून झाली. गुमास्ता म्हणजे खरं तर कारभारी, कारकून. पण १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीला उपनगरातला दुकानदार ‘गुमास्ता’च म्हणत आला. चालू खातं उघडायला कुणी आला की आम्हीही काउंटरवरून आधी तेच विचारत असू. २०१७ च्या नव्या कायद्याने कामगार थोडे असतील तर नुसती सूचना दिली की भागतं. भाचीने ती घरबसल्या दिली आणि पावतीही आली. मी थक्कच झालो.

पुढचं एवढं सोपं नव्हतं. अन्नसुरक्षा कायद्याचा चौदा आकडी नंबर. १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या ३९४ व्या कलमाखालचा आरोग्य खात्याचा परवाना. राणीच्या राज्यातलं हे कलम अजून शाबूत आहे. दुकानात गाणी लावायची तर हक्कदारांची वेगळी परवानगी. पाटी मराठीतून हवीच, २०२२ पासून लहान दुकानांनाही ते लागू झालं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सोसायटीच्या ना-हरकतीबद्दल मात्र इथे लिहीत नाही, तो कादंबरीचा ऐवज आहे.

एका कार्यालयात तोच भाडेकरार तिसऱ्यांदा मागितला तेव्हा भाची वैतागली आणि एजंटकडे गेली. गृहस्थ बोलायला गोड. ‘सगळं धरून’ एक आकडा सांगितला आणि जाता जाता म्हणाले, “पोटमाळा आपण कागदावर सामानासाठी दाखवू. वर चार टेबलं टाका, कोण बघतंय?”

भाचीला ते पटलं होतं. दुकान केवढं, तर आमच्या हॉलएवढं. खाली सहा टेबलं. वरची चार धरली तरच भाडं आणि कर्जाचा हप्ता सुटत होता. तिच्या वडिलांच्या फंडातले पैसे त्यात होते. “मामा, सगळेच करतात,” ती म्हणाली.

मला कुर्ला आठवलं. १६ ऑक्टोबर २०१५ ची दुपार. कुर्ला पश्चिमेच्या एका हॉटेलात आग लागली आणि आठजण गेले, त्यांतले बहुतेक जेवायला आलेले कॉलेजचे विद्यार्थी. दोन वर्षांनी, १८ डिसेंबर २०१७ ला, साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानात बारा कामगार जळून मेले. अकरा दिवसांनी कमला मिल, चौदा. कुर्ल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पालिकेला प्रत्येक कुटुंबाला पन्नास लाख रुपये द्यायला सांगितलं ते जून २०२५ मध्ये. पोरं गेल्यावर जवळजवळ दहा वर्षांनी.

हे भाचीला सांगताना माझा आवाज चढला होता, आणि त्याचं कारण तिला ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकात घाटकोपर स्टेशनजवळच्या एका उपाहारगृहाचं कर्ज मी मंजूर केलं होतं. पाहणीला गेलो, मालकाने पोटमाळ्यावर नेलं, डोकं वाकवून बसून मी इडली खाल्ली. खाली यायला एकच लोखंडी शिडी, शिडीच्या पायथ्याशी शेगडी. परत येऊन अहवालात लिहिलं : ‘जागा समाधानकारक.’ सगळे परवाने जोडलेले होते, शिक्क्यांसकट. कर्ज व्याजासह फिटलं, तिथे कधी काही झालं नाही. त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही.

म्हणून ‘लायसन्स राज बंद करा’ हे आजचं लाडकं वाक्य मला अर्धंच पटतं. एकच करार तीन खिडक्यांवर मागणं बंद व्हावं, त्यावर फक्त एजंट पोसला जातो. पण २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी-जुलैला यंत्रणा चालू असल्याचा जो दाखला द्यायचा असतो, तो देणाऱ्याने नळकांडं हातात घेऊन बघावं, शिडी चढून बघावं. आपल्याकडे कागद तपासणारे पुष्कळ, शिडी चढणारा कुणी नाही. आणि चढलाच तर माझ्यासारखा इडली खाऊन उतरतो.

भाचीचं म्हणणंही खोटं नव्हतं. “नियम पाळणारीने सहा टेबलांवर मरायचं, आणि शेजारचा दहा टेबलांवर कमावणार. त्याला कोण विचारतं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हप्त्याची मुदत दोन वर्षांनी वाढवली, जागामालकाशी भाड्यावरून घासाघीस केली, एक पोरगा कमी धरला. तरी पहिल्या वर्षी तोटाच दिसत होता. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली.

गेल्या रविवारी गेलो होतो. पोटमाळ्यावर कपांचे खोके आणि कॉफीची पोती होती. खाली सहापैकी पाच टेबलं भरलेली. सहाव्यावर मी बसलो. माझ्याकडून तिने दीडशे रुपये घेतले.