गिटारच्या नेकचं लाकूड कोण ठरवतं? कान की कायदा?

ऑनलाइन गिटार शोधताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. पूर्वी वर्णनात सर्रास 'रोझवूड फ्रेटबोर्ड' लिहिलेलं असायचं. आता तिथे पाऊ फेरो, इंडियन लॉरेल, इंजिनिअर्ड वूड असली नावं दिसतात. खाली प्रतिक्रियांमध्ये ठरलेलं भांडण: कंपनीने स्वस्तातलं लाकूड लावून गंडवलं. मला हा आरोप अर्धाच खरा वाटतो. उरलेला अर्धा भाग समजायला जंगल आणि कायदा, दोन्हीकडे बघावं लागतं.

आधी एक गोंधळ दूर करू. नेकमध्ये बहुतेक वेळा दोन लाकडं असतात. मागचा, हाताच्या पंजात येणारा भाग मेपल किंवा महोगनीचा. त्यावर पुढून चिकटवलेली पातळ पट्टी म्हणजे फ्रेटबोर्ड, आणि ती परंपरेने रोझवूड किंवा एबनीची. ताण सोसण्याचं मुख्य काम मागच्या लाकडाचं. बोटांची घासाघीस सोसायचं काम पट्टीचं. वाद मात्र नेहमी पट्टीवरून होतो, कारण ती दिसते.

आता कायद्याकडे येऊ. दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'सायटीस' हा करार लक्ष ठेवतो. ब्राझिलियन रोझवूडवर या कराराची सगळ्यात कडक बंदी १९९२ पासून आहे. पण खरा धक्का २ जानेवारी २०१७ ला बसला. डालबर्जिया या अख्ख्या कुळातल्या झाडांना परवान्याची अट लागली. चीनमधल्या महागड्या फर्निचरसाठी जगभरातून रोझवूड उचललं जात होतं आणि तस्कर एका जातीचं लाकूड दुसऱ्या नावाने खपवत होते, म्हणून सगळंच कुळ यादीत घातलं. गिटारवाले त्यात आपसूक सापडले. पातळ पट्टी असली तरी गिटार सीमेपार विकायची तर कागद हवेत! फेंडरने त्याच वर्षी मेक्सिकोत बनणाऱ्या बहुतेक मॉडेलांवर पाऊ फेरो लावायला सुरुवात केली.

पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली (ब्राझिलियन रोझवूड सोडून), आणि ती २६ नोव्हेंबरपासून लागू झाली. म्हणजे अट तीन वर्षंसुद्धा टिकली नाही. पण तोवर अनेक कारखान्यांनी पुरवठादार बदलले होते, आणि नवं लाकूड स्वस्त पडतंय म्हटल्यावर परत कोण फिरतो? प्रतिक्रियांमधला तो अर्धा आरोप खरा आहे तो इथे.

या गोष्टीत भारत फक्त गिऱ्हाईक नाही. जगभरच्या गिटारांवरचं 'इंडियन रोझवूड' म्हणजे आपली शिसव. आजीच्या घरातलं काळपट, जड कपाट आठवा. उत्तरेतला शिसम हा तिचा भाऊबंद, पण वेगळं झाड. २०१७ च्या नियमात दोघेही अडकले. केंद्र सरकारच्याच म्हणण्यानुसार शिसमच्या हस्तकला वस्तूंची निर्यात वर्षाला सुमारे १००० कोटींवरून ५००-६०० कोटींवर आली. २०२२ मध्ये पनामातल्या बैठकीत, वस्तूतलं लाकूड १० किलोपेक्षा कमी असेल तर परवाना नको, अशी सवलत मिळाली.

त्याआधीचा गिब्सनचा किस्साही आपल्याशी जोडलेला आहे. २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी या कंपनीवर धाड टाकली, ती भारतातून आलेल्या फ्रेटबोर्डच्या पट्ट्यांवरून. भारतीय नियमांत या पट्ट्या कापीव लाकडात धरायच्या की तयार मालात, हेच स्पष्ट नव्हतं. २०१२ मध्ये प्रकरण मिटलं. तीन लाख डॉलरचा दंड झाला तो मादागास्करच्या एबनीबद्दल. भारतीय मालाबाबत, खुलासा येईपर्यंत कारवाई नाही, असं ठरलं.

आणि ते 'इंडियन लॉरेल'? तो आपला ऐन. सह्याद्रीत फिरताना मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं झाड दिसतं ना, तेच. नाव इंग्रजी झालं की ओळखीचं झाडही परकं वाटतं.

मग आवाजाचं काय? २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच कारागिराच्या सहा अकूस्टिक गिटार ५२ वादकांना न बघता वाजवायला दिल्या. पाठ आणि बाजूंचं लाकूड तेवढं प्रत्येकीचं वेगळं होतं. वादकांच्या पसंतीत फारसा फरक पडला नाही. हा प्रयोग नेकवरचा नव्हता, हे मान्य. पण गिटारची एवढी मोठी बाजू बदलून एवढाच फरक पडत असेल, तर काही मिलिमीटरच्या पट्टीच्या नावासाठी दोन-तीन हजार जास्त मोजायला मी तरी तयार नाही.

नेकमध्ये खरा पैसा वाचतो किंवा बुडतो तो सरळपणात. स्टीलच्या तारा सुरात लावल्या की अकूस्टिक गिटारच्या नेकवर साधारण ७० किलोचा ताण येतो, आणि तो दिवसरात्र असतो. त्यात आपला पावसाळा. कोकणातल्या जुलैत लाकूड ओलावा पितं, मार्चमध्ये सोडतं. लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेत, वलयांना आडव्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट फुगतं-आकसतं. म्हणून वलयं उभी येतील असं कापलेलं लाकूड कमी वाकतं, पण त्यात नासाडी जास्त, म्हणून ते महाग. स्वस्तातला चांगला उपाय म्हणजे तीन किंवा पाच पट्ट्या चिकटवलेला नेक. पट्ट्या उलटसुलट लावल्या की एकीचा पीळ दुसरी अडवते. 'जोडाचं लाकूड' म्हणून लोक नाक मुरडतात, मी मुद्दाम तेच बघतो. रोस्टेड मेपल म्हणजे जवळपास ऑक्सिजनविना भाजलेलं मेपल. ते ओलावा कमी घेतं, म्हणून आपल्या हवेला बरं. फक्त किंचित ठिसूळ होतं, स्क्रू जपून पिळावा लागतो.

दहा-बारा हजारांत घेणार असाल तर विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: ट्रस रॉड फिरवता येतो का, आणि नेक किती तुकड्यांचा आहे? नंतर नेकच्या बाजूचा जवळून फोटो मागवा. रेषा डोक्यापासून बॉडीपर्यंत सरळ जाताहेत की मध्येच काठाबाहेर पळताहेत, ते झूम करून दिसतं. पळत असतील तर वर्णनात कुठल्याही झाडाचं नाव असो, मी ती गिटार सोडून देतो.