घरकुलात माणसं किती, हे कोण मोजणार?

२६९ चौरस फूट. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचं हे किमान क्षेत्रफळ. नियमात ते २५ चौरस मीटर असं लिहिलंय आणि स्वयंपाकाची जागाही त्यातच धरलीय. कागदावर शब्द ‘किमान’ असा आहे. पण २०१६ पासून केंद्राच्या योजनेत सपाट भागासाठी अनुदान आहे १ लाख २० हजार रुपये. एवढ्या पैशांत आणि वर चार नातेवाइकांकडून केलेल्या उसनवारीत मजुराचं घर किमानाच्या पुढे सरकत नाही. म्हणजे किमान हेच कमाल.

आता या घरात माणसं भरू. म्हातारा-म्हातारी, दोन भाऊ, दोन जावा, दोन लेकरं. आठ माणसं. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात असं घर शोधायला फार फिरावं लागणार नाही. प्रत्येकाच्या वाट्याला साडेतेहतीस चौरस फूट आले. सहा बाय तीनची एक बाज अठरा फूट खाते. उरलेल्या जागेत गॅस, पाण्याचा ड्रम, गव्हाची कोठी, लेकरांची दप्तरं. दिवाळीनंतर भाव यायची वाट बघत सोयाबीनची पोती आणि कापूसही घरातच येतो. मग माणसं बाहेर जातात. म्हातारा ओट्यावर, धाकटा मारुतीच्या पारावर.

माझं म्हणणं सरळ आहे. गरिबाच्या घराबाबत आपलं सरकार भिंत मोजतं, छप्पर मोजतं, खोल्या मोजतं. माणसं मोजत नाही. आणि जोवर माणसं मोजली जात नाहीत, तोवर घरकुल योजनेनं कच्च्या घरातली दाटी फक्त पक्क्या घरात हलवली, असंच म्हणावं लागेल.

हा आरोप हवेतला नाही. घरकुलाची पहिली यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणावरून बनली. तिची रीत अशी : पक्कं छप्पर किंवा पक्की भिंत असेल, तर नाव बाहेर. दोनपेक्षा जास्त खोल्या असतील, तर नाव बाहेर. उरलेल्यांत बेघर आधी, मग शून्य, एक, दोन खोल्यांची कच्ची घरं. त्यातही कोण पुढे, कोण मागे, हे ठरवायला गुण. घरात १६ ते ५९ वयाचं कुणी नाही, बाई कुटुंबप्रमुख आहे आणि कर्ता पुरुष नाही, पंचविशीपुढचं कुणी शिकलेलं नाही, घरात अपंग माणूस आहे आणि कमावतं धडधाकट कुणी नाही, जमीन नाही आणि पोट मजुरीवर आहे. हे सगळे निकष रास्त आहेत, एकही काढू नका. पण पुन्हा एकदा वाचा. एका खोलीत तीन माणसं झोपतात की अकरा, याला एकही गुण नाही. ज्या सर्वेक्षणानं घरातल्या प्रत्येक माणसाची नोंद घेतली, त्याच सर्वेक्षणातून यादी काढताना ती नोंद बाजूला राहिली.

आणि एकदा घरकुल मिळालं की विषय संपला. जिओ टॅगिंग झालं, शेवटचा हप्ता पडला, भिंतीवर योजनेचं नाव रंगवलं. कुटुंब ‘लाभार्थी’ झालं. त्यानंतर दोन सुना आल्या, चार नातवंडं झाली, तरी सरकारदरबारी ते पक्क्या घरात सुखानं राहणारं कुटुंब. १९८५ पासून इंदिरा आवासमध्ये ज्यांना घरं मिळाली, त्यांची तर आता तिसरी पिढी संसाराला लागलीय. त्या योजनेत किमान क्षेत्रफळ होतं २० चौरस मीटर, म्हणजे २१५ चौरस फूट. त्या घरांना वाढायचा हक्क कुठल्याच कागदावर नाही.

मी मेहकर तालुक्यातली. असल्या घरात मुलगी कशी वाढते, ते मला कुणी सांगायची गरज नाही. कपडे बदलायचे तर सगळ्यांना बाहेर काढायचं किंवा शेजारी जायचं. पाळीच्या दिवसांत तर बोलायलाच नको. दहावीचा अभ्यास टीव्हीचा आवाज बंद करून, पण चित्र चालू ठेवून करायचा, कारण टीव्ही बघणाऱ्यांनाही दुसरी जागा नसते. नव्या जोडप्याला नवरा-बायको म्हणून बोलायला रात्री बाराची वाट बघावी लागते आणि तेव्हाही सासू जागी असते. याला आपण ‘ॲडजस्ट करणं’ म्हणतो. २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा घरीच विलगीकरणात राहणाऱ्या रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवा, असं सरकारनं सांगितलं. कुठल्या खोलीत? क्षयरोगाच्या रुग्णालाही हवेशीर जागा हवी, गर्दी नको, असं डॉक्टर सांगतात. आपल्याकडे आरोग्य विभागाला कळलेली गोष्ट घरकुलाच्या यादीला कळत नाही.

यावर ठरलेली उत्तरं मिळतात. एकेक बघू.

पहिलं : ‘पोराचं लग्न झालं ना? मग त्यानं वेगळं रेशन कार्ड काढावं, वेगळं घरकुल घ्यावं.’ वाट आहे खरी. पण वेगळं घरकुल बांधायला वेगळी जागा लागते आणि गावठाणात ती नाही. जागा नसलेल्यांसाठी दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाची जागाखरेदीची योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी तिचं अनुदान आधी ५० हजार होतं, नंतर १ लाख झालं. रस्त्यालगतच्या गावात त्या पैशांत प्लॉट मिळतो का, ते तुमच्या गावात विचारून बघा. शिवाय ही वाट म्हणते काय? एक खोली हवी असेल, तर कुटुंब मोडा. म्हाताऱ्यांना इकडे ठेवा, चूल तिकडे मांडा. मग कागदावर वेगळी झालेली कुटुंबं त्याच २६९ फुटांत नांदतात. घरपट्टीच्या पावतीवर एक घर, रेशनच्या यादीत तीन कुटुंबं. ही लबाडी लोकांनी शोधलेली नाही, योजनेनं त्यांना शिकवलेली आहे.

दुसरं : ‘आधी बेघरांना तर मिळू द्या.’ मिळायलाच हवं. पण घरांची टंचाई म्हणजे फक्त बेघर, हा समज सरकारच्याच तज्ज्ञांनी कधीच खोडून काढलाय. शहरांतली घरटंचाई मोजायला केंद्रानं अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक गट नेमला होता. २०१२ मध्ये त्यानं टंचाई काढली सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची. त्यात बेघर होते ५ लाख ३० हजार. आणि दाटीवाटीनं राहणारी कुटुंबं? जवळपास दीड कोटी. शंभरातली ऐंशी! दाटी कशाला म्हणायचं, याची कसोटीही साधी होती : घरातल्या प्रत्येक विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली आहे का? हा आकडा शहरांचा आहे, पण कसोटी गावालाही लागू पडते. जनगणनेत घरोघर हेच विचारतात. खोल्या किती, माणसं किती, जोडपी किती. प्रश्न विचारायचा, उत्तर लिहून घ्यायचं आणि घर देताना ते बघायचं नाही, याला काय म्हणायचं?

तिसरं उत्तर आपल्याच घरातून येतं : ‘आमच्या वेळी एका घरात वीस माणसं राहायची.’ राहायची. पण ते घर म्हणजे चार भिंतींचा डबा नव्हता. पुढे ओसरी, मागे परसू, बाजूला गोठा, वर धाबं. उन्हाळ्यात अख्खं घर धाब्यावर झोपायचं. वीस माणसांना घर कमी पडलं, तर अंगण होतं. घरकुलाला बहुतेक ठिकाणी जिनाही नसतो आणि अंगणाच्या जागी शेजाऱ्याची भिंत असते.

आता जरा मुंबईकडे बघा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं फुकट द्यायचं सरकारनं ठरवलं आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्यादेखील. मला त्यांचा हेवा नाही, आनंदच आहे. पिढ्यान्‌पिढ्या एका खोलीत काढल्यावर मोठं घर हा त्यांचा हक्कच होता. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचं घरही २२५ चौरस फुटांवरून २६९ वर आणि पुढे ३०० वर गेलं. म्हणजे माणसाला किती जागा लागते, हा आकडा सरकार बदलू शकतं. मग तो लोणारला का बदलत नाही? जळगाव जामोदला का नाही? उत्तर उघड आहे. वरळीत रहिवाशांची घरं बांधून उरलेल्या जमिनीवर टॉवर विकता येतात. आमच्या गावठाणात विकण्यासारखं काही नाही. थोडक्यात, माणसाला किती फूट लागतात, ते जमिनीचा भाव ठरवतो.

तिकडे इंग्लंडमध्ये सरकारी घरात राहणाऱ्या कुटुंबात माणसं वाढली आणि घर दाटीचं झालं, तर मोठ्या घराच्या प्रतीक्षा यादीत त्याला अग्रक्रम द्यावा, असं कायदा सांगतो. मुलगा-मुलगी किती वयाची झाली की वेगळी खोली धरायची, याचंही कोष्टक आहे. तिथेही घरं पुरत नाहीत, वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पण घर मिळालेल्या माणसाची गरज वाढू शकते, हे निदान त्यांच्या नियमाला ठाऊक आहे.

आपल्याकडे घरकुल मालकीचं असतं, त्यामुळे कुटुंबाला मोठ्या घरात हलवायचा प्रश्न नाही. घरालाच वाढू द्यायचं. म्हणून मागणी नव्या घरकुलाची नाही, वाढीव खोलीची आहे. प्रत्येक जोडप्याला एक खोली, ही कसोटी लावा. तीत न बसणाऱ्या घरकुलधारकांची वेगळी यादी करा. १ लाख २० हजारांत २६९ फूट, या सरकारी हिशोबानं १२० फुटांची खोली सुमारे ५४ हजारांची होते. खरा खर्च जास्त येईल, हे बांधणाऱ्याला ठाऊक आहे. पण नव्या घरापेक्षा तो खूपच कमी असेल. घरकुलाला रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते, तशी खोलीलाही द्या. जागा असेल तिथे बाजूला, नसेल तिथे वर. आणि यापुढचं प्रत्येक घरकुल वरचा मजला पेलेल अशा पायावर, जिन्याची जागा सोडून बांधा. जिथे दोन्ही अशक्य, तिथे गावठाण वाढवा. ते काम महसूल खात्याचं आहे आणि वर्षानुवर्षं रखडलेलं आहे.

आता तुमच्याबद्दल. हे वाचणाऱ्यांतले कितीतरी जण पुण्यात, चाकणला, संभाजीनगरला कॉट बेसिसवर राहत असतील. महिन्याचं भाडं भरून एक कॉट. गावी गेलात, तर तिथेही वाट्याला एक बाजच. ‘घर’ म्हणून सुट्टीत चार दिवस जमिनीवर अंथरूण टाकायचं आणि लग्नाचा विषय निघाला की गप्प बसायचं. हा तुमचा खासगी प्रश्न आहे, असं तुम्हाला वाटत आलंय. तो तसा नाही. तो एका यादीतल्या न छापलेल्या रकान्याचा प्रश्न आहे.

दर १२ जानेवारीला सिंदखेडराजात व्यासपीठावरून जिजाऊंच्या लेकींबद्दल खूप बोललं जातं. त्या लेकींना दार लावून बसता येईल अशी एक खोली, एवढाच हिशोब मला त्या व्यासपीठाकडून हवाय. पण तिथून तो येईपर्यंत थांबायची गरज नाही. घरकुलाच्या याद्या ग्रामसभेत वाचल्या जातात. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. पुढच्या सभेला सुट्टी काढून या आणि उभं राहून एक ठराव मांडा : गावातल्या प्रत्येक घरकुलात किती खोल्या, किती माणसं आणि किती जोडपी आहेत, याची नोंद ग्रामपंचायतीनं एका महिन्यात करावी आणि ती पंचायत समितीकडे पाठवावी. याला निधी लागत नाही. एक वही लागते.

वही भरली की मग पैशाचं बोलू.