पासाची मुदत आणि सोलापूरची 'फ्री कॉलनी'

१/
परदेशी नोकरी करणारे सोलापूरचे तरुण सुट्टीवर गावी येतात, तेव्हा अनेकांच्या मनात एक धास्ती असते. तिकडच्या तात्पुरत्या वास्तव्याच्या परवान्याची मुदत आपण इकडे असतानाच संपली तर? घर, पगार, मुलांची शाळा सारे तिकडे आणि ठरलेल्या तारखेनंतर तिथे परतण्याचा अधिकार मात्र नाही. हा प्रश्न जागतिकीकरणाच्या काळातला वाटतो. सोलापुरात मात्र त्याचे एक जुने रूप शंभर वर्षांपूर्वीच अवतरले होते. ज्यांच्या वाट्याला ते आले, त्यांनी समुद्र ओलांडलेला नव्हता.

२/
सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' या नावाच्या वस्त्या आजही आहेत. रिक्षावाल्याला नुसते 'सेटलमेंट' म्हटले तरी पुरते. नावाचा अर्थ मात्र शहरातल्याच अनेकांना ठाऊक नसतो. एखाद्या वसाहतीला 'फ्री' म्हणण्याची गरज केव्हा पडते? शेजारी मोकळी नसलेली दुसरी वसाहत असेल तेव्हाच. ती होती आणि तिच्याभोवती काटेरी तारेचे कुंपण होते.

३/
तिचे मूळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. तो आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई आणि मद्रास इलाख्यांपर्यंत वाढली आणि १९२४ मध्ये या सगळ्या तरतुदी एकत्र करण्यात आल्या. सरकारने अधिसूचना काढली की संपूर्ण जमात 'गुन्हेगार' ठरे आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. मग नोंदवही, बोटांचे ठसे आणि हजेरी. कोणी काय केले हा प्रश्नच उरत नसे. कोण कोणाच्या पोटी जन्मला, एवढे पुरे.

४/
मुंबई इलाख्यात अशा वसाहतींची घडी बसवली ती ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने. विजापूरपासून सुरू झालेला हा प्रयोग लवकरच सोलापुरात आला आणि येथील वसाहत इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक ठरली. कैकाडी, टकारी, पारधी, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबे येथे आणून ठेवण्यात आली. सोलापूरची निवड समजण्यासारखी आहे. १८७७ पासून येथे कापडगिरण्या उभ्या राहत होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. रात्री कुंपणात आणि दिवसा गिरणीत असा अनेकांचा दिनक्रम झाला.

५/
ज्यांची वर्तणूक अधिकाऱ्यांना समाधानकारक वाटे, त्यांना काही काळाने कुंपणाबाहेरच्या घरांत राहू दिले जाई. हीच 'फ्री कॉलनी'. कुंपण सुटले तरी नोंदवहीतील नाव तेवढ्याने पुसले जात नसे.

६/
आता पासाकडे वळू. १९२४ च्या कायद्याच्या २० व्या कलमाने सरकारला नियम करण्याचा अधिकार दिला होता. नेमलेले ठिकाण सोडायचे तर पास लागे. पासावर तीन प्रकारच्या अटी घालता येत. धारकाने कोठे जावे व राहावे, वेळोवेळी कोणासमोर हजर व्हावे आणि किती काळ बाहेर राहावे. ठिकाण, साक्षीदार आणि मुदत. आजच्या कोणत्याही तात्पुरत्या वास्तव्य परवान्यात हेच तीन घटक दिसतात. फरक असा की, येथे परवाना परक्या देशात राहण्यासाठी नव्हता, आपल्याच मुलखात फिरण्यासाठी होता.

७/
२५ वे कलम अधिक बोलके आहे. नोंदणीकृत व्यक्ती नेमलेल्या हद्दीबाहेर विनापास आढळली, अथवा पासाच्या अटींत न बसणाऱ्या ठिकाणी वा वेळी आढळली, तर तिला वॉरंटाविना अटक करता येई. हा अधिकार केवळ पोलिसांना नव्हता. गावचा पाटील आणि राखणदार यांनाही तो होता. म्हणजे ज्या गावात पाहुणा म्हणून जायचे, त्या गावचा पाटीलच पासावरची तारीख पाहून पाहुण्याला कैदी करू शके.

८/
यात सोलापूरच्या भूगोलाची भर घालावी. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवरचे अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होते. तुळजापूर निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. ब्रिटिश अंमल एकीकडे आणि दोन संस्थानांचा मुलूख दुसरीकडे, असा हा जिल्हा. ज्या जमातींचे सोयरेधायरे, बाजार आणि जत्रा या साऱ्या मुलखात विखुरलेल्या होत्या, त्यांच्या दृष्टीने देवीच्या दर्शनाला जाणे हेसुद्धा राज्याची हद्द ओलांडणे होते. भटकंती हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या पायात ही बेडी अधिकच काचली असणार.

९/
कल्पना करावी: आठ दिवसांचा पास घेऊन एक बाई माहेरच्या आजारी माणसाला भेटायला गेली आहे. परतीच्या दिवशी सीनेला पूर आला, किंवा माणूस त्याच दिवशी गेला आणि तिसऱ्या दिवसाचे विधी करायचे राहिले. नवव्या दिवशी ती त्याच वाटेवर, त्याच गाठोड्यासह उभी आहे. तिने काहीही केलेले नाही. तरीही ती आता कायद्याच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती आहे. मुदतीच्या परवान्यांचे खरे स्वरूप येथे उघडे पडते. गुन्हा घडण्यासाठी माणसाने कृती करण्याची गरजच राहत नाही. दिवस उलटला की पुरे.

१०/
या व्यवस्थेचे समर्थक म्हणत की वसाहतीने शाळा दिली, नियमित मजुरी दिली, छप्पर दिले. यात तथ्य नाही असे नाही. काही कुटुंबांची पहिली साक्षर पिढी याच वसाहतींत घडली. पण शाळेसाठी कुंपण लागत नाही आणि मजुरीसाठी पास लागत नाही. पासाची गरज कोणाला होती, हे पाहिले पाहिजे. सोडून जाऊ न शकणारा मजूर गिरणीलाही सोयीचा होता आणि सरकारलाही. सुधारणेच्या नावाखाली ही सोय झाकली गेली, हाच या इतिहासावरील मुख्य आक्षेप आहे.

११/
जगात अन्यत्रही हेच घडत होते. चिनी मजूर चे चान पिंग अमेरिकेत परतण्याचे अधिकृत प्रमाणपत्र घेऊन १८८७ मध्ये मायदेशी गेला. परतीच्या वाटेवर तो जहाजात असतानाच १ ऑक्टोबर १८८८ रोजी नवा कायदा झाला आणि अशी सर्व प्रमाणपत्रे रद्द ठरली. आठवड्याभराने सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचलेल्या या माणसाला बंदरातच अडवण्यात आले. १८८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्या विरोधात निकाल दिला. परवाना म्हणजे हक्क नव्हे, देणाऱ्याने केव्हाही परत घ्यावी अशी सवलत, हे तत्त्व दोन्हीकडे एकच होते.

१२/
मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये मागे घेतला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. तो दिवस आजही 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन सेटलमेंटची तार तोडली, ही आठवण येथील विमुक्त समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. आपले स्वातंत्र्य पाच वर्षे उशिरा आले, असे हे लोक म्हणतात. त्यांचे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

१३/
मात्र तार तुटल्याने नोंदवहीची सवय तुटली नाही. जमातीची जागा 'सराईत गुन्हेगार' या शब्दाने घेतली आणि मुंबई राज्यात १९५९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. कागदावर तो व्यक्तीपुरता आहे; व्यवहारात चोरी झाली की प्रथम पारधी वस्तीवर जाण्याची रीत उरली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात या वारशाची दखल घेतली. असे कायदे राज्यघटनेच्या चौकटीत आवश्यक आहेत काय, याचा विचार राज्यांनी करावा, असेही न्यायालयाने सुचवले.

१४/
महाराष्ट्राने तो विचार आता पुढे ढकलू नये. पासाला निदान मुदत होती. संशयाला मुदतच नाही. तो आजोबांच्या नोंदवहीतून नातवाच्या वाट्याला येतो.

१५/
आणि सोलापूरनेही एक गोष्ट करावी. चार हुतात्म्यांचे आणि डॉ. कोटणीसांचे स्मरण हे शहर अभिमानाने जपते, ते योग्यच आहे. त्याच शहरात 'सेटलमेंट' या नावाचा अर्थ सांगणारा एक साधा फलकही असावा. कोणाला येथे आणले, कोणत्या कायद्याने ठेवले आणि बाहेर पडण्यासाठी काय दाखवावे लागे, एवढे त्यावर लिहिले तरी चालेल. परदेशी विमानतळावर परवान्याची तारीख तपासली जात असताना जीव मुठीत धरणाऱ्या सोलापूरच्या तरुणाला तो फलक वाचून कळेल की आपल्याच शहरात ही तारीख कोणाच्या तरी रोजच्या जगण्याचा भाग होती.