निरुपद्रवी इशाराही मुळातून काढा

लिनक्सवर एखादा गेम टर्मिनलमधून सुरू केला की पुष्कळदा एकच ओळ वीस-वीस वेळा उमटते: ‘लिबपीएनजी वॉर्निंग: आयसीसीपी: नोन इनकरेक्ट एसआरजीबी प्रोफाइल’. गेम चालतो, चित्रे दिसतात, रंगही बिघडत नाहीत. त्यामुळे बहुतेक जण तिकडे काणाडोळा करतात. पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरने मात्र तो करू नये.

एसआरजीबी हे रंगांचे मानक एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडले. त्या रंगांचे वर्णन करणारी प्रोफाइल अनेक प्रोग्राम पीएनजी चित्रात आपोआप घालत आले आणि तिच्या काही जुन्या प्रती सदोष होत्या. २०१३ मध्ये पीएनजी चित्रे वाचणाऱ्या लिबपीएनजी या लायब्ररीची १.६ आवृत्ती आली, तिने तपासणी कडक केली आणि वर्षानुवर्षे मुकाट उघडणारी चित्रे एकाएकी तक्रार करू लागली.

उपाय काही मिनिटांचा आहे. इमेजमॅजिक किंवा ऑप्टिपीएनजी या साधनाने ती प्रोफाइल काढून टाकायची. चित्र एसआरजीबीतच असल्याने रंग तेच राहतात, फाइलही थोडी हलकी होते. अडोबी आरजीबीसारख्या वेगळ्या रंगपटातल्या छायाचित्रावर मात्र हा प्रयोग करू नये. तिथे प्रोफाइल गेली की रंग खरोखरच बदलतात.

मग हे काम रेंगाळते का? डेबियन या लिनक्स वितरणात मेंटेनरचे बदल सहसा मजकुराच्या पॅचरूपात ठेवले जातात. चित्र बायनरी, त्याला असा पॅच लागत नाही. मग पॅकेज बांधताना दरवेळी चित्रे धुऊन काढा, नाहीतर आख्खी फाइल सोबत ठेवा. त्यापेक्षा इशाऱ्याचे तोंड दाबणे सोपे वाटते.

तेच धोक्याचे आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमध्ये व्हॅलग्रिंड या तपासणी साधनाची तक्रार थांबावी म्हणून कोडच्या दोन ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक यादृच्छिकतेचा मुख्य आधार होती. परिणामी एका प्रकारच्या संगणकावर, एका लांबीच्या जेमतेम ३२,७६७ वेगवेगळ्या एन्क्रिप्शन-किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. मे २००८ मध्ये हे उघड झाले, तेव्हा डेबियनवर आधारलेल्या उबुंटूसह जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. चित्राच्या प्रोफाइलने असा अनर्थ होणार नाही हे खरे. पण तक्रार कशाची आहे हे न समजता ती बंद करण्याची सवय दोन्हीकडे सारखीच.

आणि खुद्द लिबपीएनजीतही गंभीर सुरक्षादोष सापडलेले आहेत. रोजच्या शंभर निरर्थक ओळींत एखादी खरी ओळ आली, तर ती कोणाच्या नजरेला पडणार?

म्हणून दुरुस्त केलेले चित्र मूळ प्रकल्पाकडेच पाठवायला हवे. तिथे ते एकदा स्वीकारले गेले की डेबियन, फेडोरा, आर्च या सगळ्या वितरणांचा प्रश्न एकदमच सुटतो. प्रकल्प चालवणाऱ्यांनीही नवे चित्र घेताना पीएनजीची स्वयंचलित तपासणी लावावी, नाहीतर पुढचा चित्रकार तीच जुनी प्रोफाइल पुन्हा आत आणेल.