पूर्वरंगावाचून उत्तररंग

एकाच ध्वनिमुद्रिकेवर वाद्यवृंदाची रचना आणि गीतमालिका शेजारी बसविणे म्हणजे तबकडीवरील मोकळी जागा भरून काढण्याची व्यापारी युक्ती होय, असे पाश्चात्य संगीताचे कित्येक अभिमानी म्हणतात. नात्यावाचून केलेली जोडणी आम्हांसही नको. परंतु रिचर्ड स्ट्रॉसच्या बाबतीत हा आक्षेप निखालस खोटा आहे.

'मृत्यू आणि दिव्यरूप' हे स्वरकाव्य स्ट्रॉसने १८८९ साली, वयाच्या पंचविशीत पुरे केले. मरणशय्येवरील एका कलावंताची तगमग त्यात आहे. आणि जन्मभर हुलकावणी देणारे त्याचे ध्येय ज्यातून प्रकट होते, असे एक उन्नत स्वरवाक्यही आहे. पुढे १९४८ साली वृद्ध स्ट्रॉसने आयखेनडॉर्फच्या सायंकाळच्या कवितेस चाल दिली. मरणाविषयी एक प्रश्न करून गायिकेचा आवाज विसावतो आणि हॉर्नमधून तेच जुने स्वरवाक्य उमटते. प्रश्न शब्दांचा, उत्तर वाद्यांचे! ज्याने पहिली रचना ऐकलीच नाही, त्यास येथे एक गोड सुरावट तेवढी ऐकू येणार. उत्तर मिळाले, हे त्याच्या गावीही नसणार.

कर्त्याने हे जोडले नव्हते, मग इतरांनी का जोडावे, असा पुढचा सवाल येतो. पण 'चार अंतिम गीते' हे नाव तरी कर्त्याचे कोठे आहे? ते नाव आणि आजचा क्रम, दोन्ही १९४९ मधील त्याच्या निधनानंतर प्रकाशक अर्न्स्ट रोथ याने दिले. आज शेवटी गातात ते गीत चौघांत सर्वांआधी पुरे झाले होते. लंडन येथे २२ मे १९५० रोजी किर्स्टन फ्लागस्टाडने फुर्टवेंग्लरच्या संचालनाखाली ही गीते प्रथम गायिली, तेव्हाही क्रम निराळाच होता. एकाची गुंफण शिरोधार्य आणि दुसऱ्याची भ्रष्ट, हा न्याय कोणता?

कारायान, बर्लिनचा वाद्यवृंद आणि गुंडुला यानोविट्झ यांच्या १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेत ही दोन्ही कामे एकत्र आहेत, हे म्हणूनच रसिकांवर उपकार आहेत. खरा अपराध त्यांतून एकच गीत खुडून ऐकण्याच्या सांप्रतच्या सवयीचा आहे. हरिदासाचा पूर्वरंग चालला असता देवळाबाहेर घुटमळावे आणि आख्यान रंगल्यावर आत शिरावे, तशातला हा प्रकार. अशा श्रोत्यास कथा कळते, पण ती कशासाठी सांगितली ते कळत नाही. आमच्या सुज्ञ वाचकांनी तरी दोन्ही रचना एका बैठकीत, आणि याच क्रमाने ऐकाव्यात.